यवतेश्वरच्या वरचं बागेतलं रेस्टॉरंट: दुपारी जा

साताऱ्यात माझी रोपवाटिका आहे. ‘गार्डन थीम’ म्हणून भिंतीला चिकटवलेली प्लास्टिकची पानं दिसली की माझी भूकच मरते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं की जे नवं फाइन डाइन झालंय, तिथं असं एकही खोटं पान नाही. आत कुंड्यासुद्धा नाहीत, आणि ते मला फार आवडलं. एसीत, कमी उजेडात झाडं झुरतात. शोभेसाठी त्यांचे हाल कशाला?

बाहेरच्या पायवाटेचा काळा दगड तसाच आतपर्यंत आलाय. मध्ये ना उंबरा, ना पायरी, त्यामुळे सासूबाईंची व्हीलचेअर कुणाची मदत न घेता आत गेली. खिडक्या टेबलाच्या उंचीपासून सुरू होतात. बसलं की समोर थेट सोनचाफ्याचा बुंधा. खुर्च्यांच्या गाद्या सोनकीच्या पिवळ्या रंगाच्या, बाकी सगळं मातकट.

खरी कमाल आहे टेबलांमधल्या आडोशांची. आपल्या डोंगरातल्या घरांना कारवीचा कूड असतो ना, काठ्यांवर शेणमातीनं लिंपलेला, तोच इथं केलाय. कंबरेपर्यंत लिंपण, वर नुसत्या उघड्या काठ्या. गाठी तासलेल्या नाहीत, वार्निश नाही, बांधणी काथ्याची. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरलं की वाळते. अशा वाळलेल्याच काठ्या आणल्या, असं वाढणाऱ्या मुलानं सांगितलं. फटींतून ऊन येतं आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर त्याच्या रेघा सरकत राहतात. शिवाय दगड आणि काचेमुळे घुमणारा आवाजही त्या लिंपणानं बराच दबतो.

जेवण चांगलं. छोट्या वाटीतला अख्खा मसूर तर घरच्यासारखा तिखट, उगाच गोडसर केलेला नाही.

रात्री मात्र निराशा झाली. आतला उजेड बाहेरच्यापेक्षा जास्त झाला की काचेचा आरसा होतो. एवढी बाग समोर असून आपलेच चेहरे बघत जेवायचं! आतले दिवे मंद करून झाडांच्या बुंध्यांशी खालून थोडे दिवे लावले तरी बाग परत दिसेल. मॅनेजरना हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

तोवर दुपारचंच बुकिंग करा आणि कोपऱ्यातलं, कुडालगतचं टेबल मागून घ्या. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी मात्र ते मिळणं अवघड आहे.