पोट की बोट: पिटमन, ग्रेग आणि माझा जेल पेन

नोकरीसाठी शॉर्टहँड शिकणार असाल तर कोणती पद्धत घ्यायची हा प्रश्नच मिटला. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा द्यायची, त्यासाठी जवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घालायचं आणि पिटमन नावाची पद्धत गिरवायची. पुढचं सगळं हौशी मंडळींसाठी. म्हणजे ज्यांना रोजनिशी किंवा व्याख्यानाची टिपणं भराभर, आणि शेजारी बसलेल्याला वाचता येणार नाहीत अशी, लिहायची आहेत त्यांच्यासाठी.

मी आधी पिटमन केलं, सदाशिव पेठेतल्या एका क्लासात, आठ महिने. ग्रेग ही दुसरी पद्धत नंतर, घरीच, पुस्तकावरून.

पिटमनची अक्कल मानायलाच हवी. प-ब, ट-ड, क-ग अशा जोड्या. जोडीला रेघ एकच, पहिल्याला बारीक, दुसऱ्याला ठळक. क आणि ग एकाच वर्गात बसलेले आपण पहिलीपासून पाहत आलोय, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन पटतं. स्वर म्हणजे टिंबं आणि छोट्या रेघा. त्या मागाहून द्यायच्या, आणि हात पळायला लागला की त्याही गळतात. मग आउटलाइन, म्हणजे शब्दाची जोडरेघ, ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ छेदून गेली आहे, यावरून स्वर ओळखायचा. शिकवणारे सर समोर असतील, हाताशी टूबी पेन्सिल असेल, तर यासारखं देखणं काही नाही.

पण पेन्सिल रोज कोण बाळगतं? स्वारगेटच्या बसमध्ये उभ्याने जात होतो. आईचा फोन आला. तिने एका दमात सात-आठ कामं सांगितली, आणि त्यात, ‘डॉक्टरांना विचार, बोट दुखतंय.’ खिशात जेल पेन होता. जेल पेनला ठळक-बारीक कळत नाही, कितीही दाबा. संध्याकाळी दवाखान्यात वही उघडली आणि वाचलं, ‘पोट दुखतंय’. रेघा त्याच, ओळ तीच. स्वराची खूण दिली असती तरी उपयोग नव्हता, ‘ओ’ दोन्हीकडे आहेच. डॉक्टरांनी काल काय खाल्लं ते विचारून पित्ताची गोळी दिली. घरी आल्यावर आईने सुजलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

‘काल’ आणि ‘गाल’ मागच्या-पुढच्या शब्दांवरून कळतात हो. पण पोटही दुखतं आणि बोटही.

ग्रेगने 1888 साली ही ठळक-बारीक भानगडच काढून टाकली. प आणि ब एकाच वळणाचे, फक्त ब लांब. स्वर तर रेघेच्या ओघातच येतात: आ-ए साठी मोठं-लहान वर्तुळ, ओ-उ साठी हुकासारखे आकडे. हात न उचलता लिहीत जायचं. (यावर कुणीतरी ‘मग आपली मोडी काय वाईट?’ असं विचारणारच. वाईट नाही, पण मोडीत अक्षर न् अक्षर लिहावं लागतं.) बॉलपेन, जेल, दुकानातला दोरीला बांधलेला पेन, काहीही चालतं.

त्रास इथेही आहे. घाईत लांबी बिघडते. माझा र कधी कधी ल होतो. मात्र ती चूक हाताची, सरावाने कमी होते. पेनाची चूक सरावाने कशी जाणार? ट आणि त ला एकच खूण आहे, तिथे मी त खाली बारीक टिंब देतो. हा माझा घरगुती जुगाड. शिवाय पुण्यात मला ग्रेग शिकवणारं कुणी भेटलं नाही. एखाद्याला समोर सर असल्याशिवाय अभ्यास होत नसेल तर त्याने पिटमनच घ्यावं, मी वाद घालणार नाही.

टीलाइन ही शॉर्टहँडची तिसरी पद्धत मी फारशी मनावर घेतली नाही. ती इंग्रजी अक्षरांना कातरून केलेली आहे. मराठी ऐकून आधी मनात रोमन स्पेलिंग करायचं, मग कातरायचं, कुणी सांगितलंय?

ग्रेग घेणार असाल तर आवृत्ती मात्र बघून घ्या. मी 1929 च्या अ‍ॅनिव्हर्सरीने सुरुवात केली आणि इंग्रजी शब्दांच्या ठरावीक खुणा घोकण्यात दोन महिने घालवले. मराठी लिहिताना त्यातल्या बहुतेक निरुपयोगी. 1949 च्या सिम्प्लिफाइडमध्ये ती यादी बरीच आखूड आहे.