उघडून पाहिल्याशिवाय औषध न देणारे गॅरेज: इंजिनातील गाळ काढून घेतल्याचा अनुभव

आमच्या इमारतीतील एका निवृत्त गृहस्थांकडून मी 2023 च्या दिवाळीत त्यांची 2014 सालची लहान पेट्रोल गाडी विकत घेतली. मीटरवर अवघे 38,000 किलोमीटर होते, गाडी रोज पुसलेली असे, आणि त्यामुळे मला हा व्यवहार फारच फायद्याचा वाटला. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस मात्र, इंजिन चांगले तापल्यावर सिग्नलला गाडी उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागे आणि रेस दिली की विझे. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजण्याच्या पट्टीवर, पातळी व्यवस्थित होती. हा दिवा पातळी नव्हे तर दाब दाखवतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ऑइल पुरेसे आहे म्हणून मी आणखी चार दिवस निर्धास्तपणे गाडी चालवली, हा माझा मूर्खपणा येथे नोंदवून ठेवतो.

पहिल्यांदा ज्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तेथे गाडी न पाहताच ‘इंजिन फ्लश करून घ्या’ (म्हणजे रसायन ओतून इंजिन आतून साफ करून घ्या) असा सल्ला मिळाला आणि दरही सांगण्यात आला. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या एका आतल्या गल्लीतील दोन रॅम्पच्या गॅरेजमध्ये गेलो. हा अभिप्राय त्या गॅरेजबद्दल आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही मांडायच्या आहेत. मालक स्वतःच मिस्त्रीकाम करतात. माझे म्हणणे ऐकून ते एवढेच म्हणाले, “साहेब, आधी उघडून बघू, मग औषध ठरवू.” त्यांनी ऑइलच्या दाबाचा स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावला, गरम इंजिनावर दाब खरोखरच कमी असल्याचे मला दाखवले आणि मगच टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडण्याची परवानगी मागितली.

कव्हरखाली कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना काळा, चिकट, बोटाने खरवडता येईल असा थर साचलेला होता. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरी साय होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी फार चांगले समजावले. साय म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेले पाणी. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तितकेच पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन निघून जाते, पण थोडे पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात, उतरते. गाडी लांबवर धावली तर ऑइल तापून हे पाणी उडून जाते. आधीचे मालक मात्र रोज मंदिर, भाजी मंडई आणि नातवाची शाळा एवढेच, दोन-तीन किलोमीटरचे फेरे मारत, म्हणजे इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होई. काळा थर, म्हणजेच गाळ, हा त्याच्या पुढचा टप्पा. पाणी, न जळलेले पेट्रोल आणि उष्णतेने ऑक्सिडीकरण झालेले जुने ऑइल यांचा तो लगदा असतो. ऑइलमधील साफ ठेवणारी रसायने संपली की तो धातूवर बसू लागतो.

येथे एक गैरसमजही दूर झाला. डिपस्टिकवरचे ऑइल काळे दिसले की आपण घाबरतो, पण काळेपणा म्हणजे ऑइल घाण स्वतःमध्ये धरून ठेवत आहे. डिझेल गाडीत तर नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. याउलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते आणि म्हणून बदलायचे राहून जाते. रंगावरून निदान करू नये, असे त्यांचे ठाम मत आहे.

आता फ्लशबद्दल. बाजारात मिळणारा डबा गरम झालेल्या जुन्या ऑइलमध्ये ओतायचा, डब्यावर सांगितल्याप्रमाणे साधारण दहा मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवायचे आणि लगेच ऑइल व फिल्टर बदलायचा, अशी ही रीत असते. पातळसा थर असलेल्या इंजिनात ती चालून जाते. परंतु माझ्यासारख्या गाडीत जाड खपल्या सुटून ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसण्याचा धोका असतो, आणि जाळी तुंबली की बेअरिंगांना तेल पोचत नाही. ऑइल फिल्टर तुंबला तर निदान त्यातील बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले का होईना, पण तेल पुढे जाते. जाळीला तशी सोय नसते. म्हणून त्यांनी फ्लशला साफ नकार दिला. फ्लशचा डबा विकून त्यांना दहा मिनिटांत पैसे मिळाले असते, हे लक्षात घेता हा नकार मला विशेष वाटला. काही जुन्या गॅरेजांत इंजिनात डिझेल भरून ते चालवतात, त्यालाही त्यांचा विरोध होता, कारण डिझेलची वंगणशक्ती ऑइलच्या तुलनेत नगण्य असते.

त्याऐवजी त्यांनी खालचे चेंबर उतरवले. जाळीचा निम्म्याहून अधिक भाग काळ्या लगद्याने झाकलेला होता. दिव्याचे कारण तेच. चेंबर, जाळी आणि टॅपेट कव्हर हे सुटे भाग रॉकेलने धुऊन हवेने कोरडे केले, इंजिनाच्या वरच्या भागावरचा (हेडवरचा) थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून व्हॅक्यूमने ओढून घेतला आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलला. हा छोटा व्हॉल्व्ह इंजिनातील वाफा पुन्हा इनटेककडे, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गाकडे, ओढतो आणि तो चिकटला की वाफा आतच कोंडतात. चेंबर परत बसवताना सीलंटची बारीक रेघच ओढली आणि ती सुकण्यासाठी वेळ दिला. जास्तीचे सीलंट आतल्या बाजूला सुटून त्याच जाळीत अडकते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. गाडीला टायमिंग चेन असल्यामुळे चेनचा ताण धरणारा टेन्शनरही तपासला. तो ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे गाळाचा फटका त्यालाही बसतो.

नवे ऑइल आणि फिल्टर घालून 1,000 किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बदलायचे, असा त्यांचा आग्रह होता. आत उरलेला थर नव्या ऑइलने हळूहळू विरघळू द्यायचा, हा त्यामागचा विचार मला पटला. दोन्ही वेळचे ऑइल धरून एकूण खर्च 8,650 रुपये आला.

आता तक्रारी. दोन दिवसांत गाडी देतो म्हणाले आणि पाचव्या दिवशी दिली. मधल्या काळात फोन मलाच करावे लागले. बिल एका कागदावर चार ओळींत होते. भाग कोणता, कोणत्या कंपनीचा, ऑइल कोणत्या ग्रेडचे (जाडीचे), यांपैकी काहीही त्यात नव्हते, आणि मागितल्यावरच तपशील लिहून मिळाला. अशी नोंद जपून ठेवणे का गरजेचे आहे, ते टोयोटाच्या प्रकरणातून दिसते. 1997 ते 2002 या काळातील काही इंजिनांत गाळ साचण्याच्या तक्रारी आल्यावर 2002 मध्ये कंपनीने अमेरिकेतील सुमारे 33 लाख गाड्यांसाठी या दुरुस्तीच्या हमीची मुदत 8 वर्षांपर्यंत वाढवली होती. असे काही उद्भवले तर ऑइल केव्हा बदलले, हे दाखवण्यासाठी हाताशी कागदच लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ऑइलच्या ग्रेडवर आमचा मतभेद झाला. दाब टिकावा म्हणून 20 डब्ल्यू 40 हे जाड ऑइल घालू, असे ते म्हणत होते. गाडीच्या पुस्तिकेत 5 डब्ल्यू 30 सांगितलेले असताना जाड ऑइलने दिवा विझेल खरा, पण थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला उशीर लागेल, म्हणून मी अडून बसलो. शेवटी एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या) दर्जाचे, सीलबंद डब्यातले 5 डब्ल्यू 30 मी स्वतः दुकानातून आणून दिले. त्यांनी ते मनाविरुद्ध, पण नीट घातले.

पुस्तिकेत ऑइल बदलण्याची मुदत ‘10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी’ अशी आहे. आधीच्या मालकांची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालत असल्याने त्यांनी आकडा पाळला आणि वर्ष विसरले. मी आता दर सहा महिन्यांनी ऑइल बदलतो आणि दर पंधरवड्याला एकदा गाडी खेड शिवापूरपर्यंत सलग नेऊन आणतो.

1,000 किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी काढलेला फिल्टर कापून आतला कागद माझ्यासमोर पसरला. घड्यांत काळे कण भरपूर होते, पण धातूची चमक कोठेही नव्हती. गेजवर गरम इंजिनाचा दाबही टिकून होता. त्या दिवशी गाडी वेळेवर मिळाली. बिल मात्र पुन्हा मागावेच लागले.