खाडीतला तवंग: अडवून उचलायचा की फवारून मोडायचा?

छोट्या बंदराकडे किंवा मच्छीमार सोसायटीकडे तेलगळतीच्या तयारीसाठी पैसे बेताचेच असतात. मग ठरवावं लागतं: बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर), स्किमर (पाण्यावरून तेल उचलणारं यंत्र) आणि शोषक पॅड घ्यायचे, की डिस्पर्संटचे (तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विखुरणाऱ्या रसायनाचे) ड्रम आणि फवारणीचा पंप? खोल, खुल्या समुद्रासाठी माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. इथे विचार आहे तो कोकणातल्या खाडीचा. पाणी उथळ, तळाला गाळ, काठाला तिवरं, खडकांवर कालवं.

डिस्पर्संटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. 1000 लिटर तेलाला साधारण 50 लिटर पुरतं. बूम जिथे टिकत नाही त्या खवळलेल्या पाण्यात लाटाच त्याच्या मदतीला येतात. तेलाचे थेंब 70 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक झाले की ते सहसा वर येत नाहीत. ते पाण्यात विखुरतात आणि जिवाणूंना त्यांचं विघटन करणं सोपं जातं. पक्ष्यांची पिसं वाचतात. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल सांडलं, तेव्हा ऐन पावसाळ्यात तटरक्षक दलाने फवारणीही केली. तरीही तेल कांदळवनांपर्यंत पोचलंच.

त्यात वेळेचा हिशेब फार कडक. जहाजाचं जड इंधन पाण्यात घुसळलं गेलं की त्याचा घट्ट तपकिरी लगदा होतो. त्यात 80 टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं आणि आकारमान चार-पाच पट होतं. अशा घट्ट तेलावरून डिस्पर्संट नुसतं ओघळून जातं. फवारल्यावर पाण्यात तपकिरी ढग पसरला तर काम होतंय. दुधी पांढरा ढग दिसला तर औषध पाण्यात गेलं, फवारणी तिथेच थांबवावी. सूर्यप्रकाशात इंद्रधनुषी दिसणाऱ्या पातळ तवंगावर तर फवारूच नये. तो 1 मायक्रॉन जाड धरला तर चौरस किलोमीटरभर पसरूनही तेल भरतं जेमतेम 1000 लिटर. फवाऱ्याचे थेंब तो थर भेदून खाली जातात.

बूमचा त्रासही कमी नाही, आणि तो बहुधा विकत घेताना कोणी सांगत नाही. प्रवाह बूमवर काटकोनात येत असेल तर 0.7 नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर तेल बूमच्या पाण्याखाली लोंबणाऱ्या झालरीखालून निसटतं. झालर आणखी खोल घेऊन हे सुटत नाही, उलट ताण वाढतो. उपाय एकच, बूम प्रवाहाला तिरकं लावणं: 1.5 नॉटला साधारण 28 अंश, 2 नॉटला 20 अंश. म्हणजे 2 नॉटच्या ओढीत 50 मीटरचं पात्र अडवायला जवळपास 150 मीटर बूम लागतं. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत जी मांडणी नीट चालते तीच उधाणाच्या ओहोटीला फसते. मधे नांगर कमी पडले की बूमला पोट सुटतं आणि नेमकं तिथूनच तेल जातं. काठाकडचं टोक ओहोटीला गाळावर आडवं पडतं. त्या टोकाला खालच्या कप्प्यांत पाणी भरायचं बूम घ्यावं, ते गाळावर बसून फट बंद करतं. भरती-ओहोटी पालटली की मांडणीही फिरवावी लागते, मग रात्र असो वा पाऊस.

इतकं असूनही माझा कल बूमकडे आहे, आणि त्याला कारणीभूत झाली एकच गोष्ट. फवारणीनंतर मागे फिरता येत नाही. डिस्पर्संट लागलेलं तेल स्किमरच्या तबकड्यांना, ब्रशना आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पॅडना पहिल्यासारखं चिकटत नाही. फवारणी अर्धवट साधली तर उरलेलं तेल उचलण्याचं साधनही हातून निम्मं गेलेलं असतं. आधी बूम लावलं आणि ते फसलं, तर फवारणीचा विचार तेल ताजं आहे तोवर करता येतो. माझ्या अनुभवात ऐन गडबडीत हा क्रम हमखास उलटा होतो, कारण फवारणी लगेच सुरू करता येते आणि काठावर उभ्या असलेल्यांना काहीतरी होताना दिसतं.

शिवाय उथळ खाडीत विखुरलेलं तेल पातळ व्हायला पाणीच पुरेसं नसतं. ते कालवं-तिसऱ्यांच्या कल्ल्यांतून जातं, गाळात बसतं. जानेवारी 1993 मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ ब्रेअर जहाजातून सुमारे 85,000 टन हलकं कच्चं तेल सांडलं. वादळाने बहुतेक तेल आपणच विखुरलं, किनारे फारसे काळे झाले नाहीत, पण मासे आणि शिंपले पकडण्यावर बंदी घालावी लागली. टोरी कॅन्यन या तेलवाहू जहाजाच्या गळतीच्या वेळी, 1967 मध्ये, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खडकांवर डिटर्जंट ओतलं. जिथे ते सर्वाधिक वापरलं तिथलं जीवन सावरायला दहा-पंधरा वर्षं लागली. जिथे नुसतं तेल होतं तिथे दोन-तीन. आजची डिस्पर्संट त्या मानाने खूपच सौम्य आहेत, हे सांगायला हवं. पण खाडीतलं पाणी त्यामुळे खोल होत नाही.

तिवरांमध्ये मात्र दोन्ही साधनं थिटी पडतात. तेलाने श्वसनमुळांची छिद्रं बुजतात, आणि माणसं आत शिरली की तेल गाळात तुडवलं जातं. म्हणूनच तेल तिथवर पोचण्याआधी, खाडीच्या तोंडाशीच, एखाद्या शांत काठाकडे वळवावं.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन: आधी बूम, नांगर आणि काठावर पक्क्या कड्या, मग पॅड, मग स्किमर. टाक्या विसरू नका. 1 टन तेल सांडलं तर उचलायला चार-पाच टन लगदा येऊ शकतो, आणि टाकी भरली की स्किमर बंद. तेल शोषायला पेंढा चालतो, भुसा नको. तो पाणी पिऊन बुडतो. वापरलेले पॅड घातक कचरा म्हणूनच द्यावे लागतात. डिस्पर्संट हवंच असेल तर निर्णय तटरक्षक दलाकडे राहू द्या, परवानगी त्यांचीच लागते. आणि बोटीतून थोडं डिझेल सांडलं असेल तर यातलं बहुतेक काहीच लागत नाही. ठिणगी दूर ठेवा, जेट्टीच्या कोपऱ्यात साचलेलं पॅडने टिपा, बाकीचं बरंचसं उडून जातं.