मशीनवरचा लाल पाय दाखवून आम्हाला इनसोल विकले

मुलगा 4 वर्षांचा होता तेव्हा फुकट पाय तपासून देतात म्हणून एका ठिकाणी गेलो. त्याला एका मशीनवर उभं केलं, स्क्रीनवर अख्खा तळवा लाल-पिवळा दिसला आणि तो माणूस म्हणाला, ताई तळव्याला कमानच नाहीये बघा, आत्ता बुटाच्या आत हे आधाराचे इनसोल नाही घातले तर पुढे गुडघे, कंबर, मणका सगळं बिघडणार. माझ्या पोटात गोळाच आला. मग मलाही उभं केलं, माझाही पाय तसाच लाल. दोघांची मापं घेतली, मुलाचे दर सहा महिन्यांनी नवीन लागतील म्हणून पुढच्या सगळ्या जोड्यांचे पैसे आधीच घेतले, आणि इनसोलने कमान तयार होईल अशी गॅरंटी तोंडी दिली, कागदावर काहीच नाही.

दोन वर्षं पोरगं टोचतंय म्हणून रडायचं आणि मी ते तसेच बुटात कोंबायचे. हे आठवलं की अजून जीव जळतो.

शेवटी माझाच उजवा पाय इतका दुखायला लागला की हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, मुलालाही नेलं. त्यांनी मशीन वगैरे काही नाही, त्याला फक्त चवड्यांवर उभं राहायला सांगितलं आणि पाठीमागून बघितलं. कमान लगेच दिसली, टाचा आत वळल्या. मग अंगठा वर उचलून पाहिला, तेव्हाही कमान आली. म्हणाले पाय लवचिक आहे, दुखत नाही, काही करायचं नाही. लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, त्यामुळे पाय सपाट दिसतो आणि बहुतेकांची कमान साधारण 10 वर्षांपर्यंत आपोआप येते. इनसोलने ती तयार होत नाही, 1989 मध्येच छापून आलेल्या अभ्यासात 3 वर्षं खास बूट आणि इनसोल घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांत फरक पडला नव्हता. पाय दुखत असेल तर इनसोलने आराम पडू शकतो, तेवढंच. दुखत असेल, एकच पाय सपाट असेल किंवा चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल तर मात्र दाखवायलाच हवं, कधीकधी पायातली दोन हाडं जोडलेली असतात. उभं राहून काढलेल्या चित्रात यातलं काहीच कळत नाही, आणि त्या माणसाने एकदाही चवड्यांवर उभं केलं नव्हतं.

आणि माझं उलटंच निघालं. माझा पाय आधी सपाट नव्हता, एकाच बाजूचा हळूहळू बसत गेला होता. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज, पाठीमागून बघितलं तर बाहेरच्या बाजूला जास्त बोटं दिसतात, आणि त्या एका पायावर उभं राहून टाच उचलताच येत नव्हती. कमान धरून ठेवणारी घोट्यामागची शीर, टेंडन म्हणतात ती, खराब झाली होती. लवकर आला असता तर सपोर्ट आणि व्यायामावर भागण्याची शक्यता जास्त होती, म्हणाले. ही सूज मी तिथे दाखवली होती हो, नवीन इनसोलची सवय होतेय म्हणाले!

पैसे परत मागितले तर परत मशीनवर उभं राहा, फरक दाखवतो. नाही गेले. मुलगा आता साध्या बुटात पळतो, घरात अनवाणी फिरतो. मी ब्रेस घालते आणि फिजिओने दिलेले व्यायाम रोज करते, पण त्या पायाची टाच अजून पूर्ण उचलली जात नाही.