बैठकीत आजचं बोलायचं की उद्याचं?

बैठक चालवायची तुमच्यावर आली आहे आणि गट एका विषयावर अडून बसला आहे. अशा वेळी एक तर ‘आत्ता काय चाललंय’ यावरच सगळ्यांना धरून ठेवायचं, नाही तर ‘पुढे काय होईल’ याचे अंदाज मांडायला लावायचे. दोन्ही एकाच तासात सरमिसळ केलं, तर बैठक लांबते आणि हाती काही लागत नाही.

‘आत्ता’वर बोलण्याचा मोठा फायदा म्हणजे नव्या माणसालाही वजन येतं. काम कुठे अडलंय, कोण कोणासाठी खोळंबलंय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. उद्याचा विषय निघाला की मात्र साहेबांचा अंदाज तोच गटाचा अंदाज होतो. सॉफ्टवेअरवाल्यांची ‘स्क्रम’ या कामाच्या पद्धतीतली रोजची बैठक 15 मिनिटांत उरकते, कारण तिची नजर पुढच्या एका दिवसापलीकडे जात नाही. तोटा उघड आहे: हळूहळू जवळ येणारा धोका या पद्धतीत दिसत नाही. शिवाय बैठक गाऱ्हाण्यांवर घसरायला वेळ लागत नाही.

उद्याचे अंदाज तोंडी मागू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कामाला लागणारा वेळ माणसं कमीच धरतात, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं. त्यात पहिला जो आकडा बोलतो, त्याच्याच आसपास बाकीचे घुटमळतात. म्हणून अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत 1950च्या दशकात आकाराला आलेल्या डेल्फी पद्धतीत मतं निनावी घेतात आणि ती सगळ्यांना दाखवून पुन्हा फेरी घेतात. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचं ‘प्री-मॉर्टेम’ मला याहून सोपं वाटतं. प्रकल्प फसला आहे असं धरून चालायचं आणि तो का फसला, हे प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचं. ‘फसेल का?’ विचारलं की सगळे सावध होतात, ‘फसला, का?’ विचारलं की पेनं चालू लागतात. सगळी करामत काळ बदलण्यात आहे!

मग निवड कशी करायची? निर्णय उद्या मागे घेता येत असेल, तर ‘आत्ता’वरच बोला आणि करून बघा. पैसा, करार किंवा माणसं दीर्घकाळ अडकणार असतील, तर प्री-मॉर्टेमला अर्धा तास द्याच. गटात धुसफूस असेल तर मात्र भविष्याला हातही लावू नका. ‘हे पुढच्या वर्षी जमणारच नाही’ असं कोणी ठासून सांगितलं, तर ‘आत्ता काय घडतंय म्हणून असं वाटतं?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. पुष्कळदा उत्तरात गेल्या आठवड्यातलं एखादं न बोललेलं भांडण निघतं.