दोन इम्प्लांटवरची खालची कवळी: घ्यावी का?

सगळे दात गेलेल्या माणसाचं बजेट मर्यादित असेल तर ते आधी इथेच खर्च करावं: खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) आणि त्यांवर अडकणारी कवळी. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खाली तसा आधार नाही, शिवाय जीभ तिला सतत उचलत असते आणि हाड झिजेल तशी ती आणखी सैल होते. 2002 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही खालच्या बोळक्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय ठरवला.

इम्प्लांट सुळ्यांच्या जागी बसतात. तिथे हाड सहसा शिल्लक असतं आणि ओठाला संवेदना देणारी नस त्याच्या मागे राहते. तरी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हवाच. टायटॅनियम हाडात पक्कं व्हायला दीड ते तीन महिने लागतात. तोवर जुनी कवळी वापरता येते, पण इम्प्लांटवर येणारा भाग आतून कोरून, मऊ अस्तर घालून. या काळात इम्प्लांट हलला तर त्याच्याभोवती हाड धरत नाही.

मग इम्प्लांटवर लोकेटर नावाच्या जोडणीचं बटण लागतं. कवळीत धातूची डबी आणि तिच्यात नायलॉनची चकती असते. निळ्या चकतीची पकड सुमारे 700 ग्रॅम, गुलाबीची 1.4 किलो, पारदर्शकची 2.3 किलो. सुरुवात निळीनेच करावी. संधिवाताच्या बोटांना घट्ट कवळी निघत नाही. डबी चिकटवताना बटणाभोवतीची पांढरी रिंग घालायची राहून गेली, तर ॲक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) खाली शिरून कवळी तोंडातच अडकते.

देखभालीचा खर्च मात्र सुटत नाही. चकत्या साधारण वर्षभरात झिजतात, इम्प्लांट समांतर नसले तर त्याआधीच. दाढांखालचं हाड झिजतच राहतं, म्हणून कवळी मागे डोलू लागते. तेव्हा नुसत्या चकत्या बदलून उपयोग नाही, रिलायनिंगच (कवळीला आतून नवं अस्तर) करावं लागतं. डबीभोवती ॲक्रिलिक पातळ असल्याने कवळी तिथेच तडकते. आत धातूची जाळी घालून घ्यावी.

रात्री कवळी काढायची आणि बटणाभोवतीची हिरडी मऊ ब्रशने रोज घासायची. इम्प्लांटभोवतीचा जंतुसंसर्ग बराच काळ दुखत नाही, त्यामुळे रक्त येणं हीच खूण समजावी. तंबाखू, मिश्री सोडायला हवी, मधुमेह ताब्यात हवा. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधीच सांगावीत, कारण काहींमुळे जबड्याचं हाड भरून येत नाही.

वरच्या जबड्यासाठी हाच दोन इम्प्लांटचा बेत कोणी सुचवला तर नाही म्हणावं. तिथलं हाड मऊ असतं, किमान चार लागतात. बिलासोबत इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर मागून घ्यावा, नाहीतर पुढे दुसऱ्या दवाखान्यात त्याला जुळणारा भागच सापडत नाही.