युनिव्हर्सिटीची आयसीसी: तक्रारीला तीन स्टार, आधाराला एक

आयसीसी म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी घेणारी अंतर्गत तक्रार समिती. आधीच सांगते, युनिव्हर्सिटीचं नाव लिहिणार नाहीये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रार कोणाची, कोणावर, चौकशीत काय निघालं हे बाहेर सांगता येत नाही, आणि सांगूही नये. होस्टेलमधल्या एका ज्युनियरसोबत मी गेले होते, ती आत आणि मी बाहेर बाकड्यावर, त्यामुळे हा रिव्ह्यू बाकड्यावरून जेवढं दिसतं तेवढ्याचाच.

पहिलं म्हणजे सापडणं. वेबसाईटवर समितीची पीडीएफ आहे, पण मुदत संपलेल्या समितीची (मेंबरची मुदत ३ वर्षं असते), त्यातल्या एक मॅडम रिटायर झाल्यात आणि लँडलाईन नुसतीच वाजत राहते. शेवटी लायब्ररीतल्या ताईंनी खोली दाखवली. खोली ॲडमिन बिल्डिंगमध्ये, फीच्या लाईनसमोर, आणि शिपाईकाका सगळ्यांसमोर विचारतात "काय काम काढलं?" आता या प्रश्नाला तिथे उभं राहून काय उत्तर देणार सांगा. या खोलीचा दरवाजा वेगळ्या जिन्याने हवा, एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात कशी आली नाही कळत नाही.

मग अर्ज. नियमात तक्रारीच्या ६ प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं असं आहे. म्हणजे जे आईला सांगितलेलं नाही ते गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या हातात द्यायचं! आम्ही एका मैत्रिणीच्या घरच्या प्रिंटरवर काढल्या, तुम्हीही तसंच करा. अर्ज मराठीत होता, काही कटकट न करता घेतला, त्याचा अर्धा स्टार. आणि लिहायला जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे, हे तिथे कोणी आपणहून सांगत नाही.

समिती मात्र बरी निघाली, खरंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे अध्यक्ष सीनियर महिला प्राध्यापक, निम्म्या तरी बायका, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी, आणि एक बाहेरच्या संस्थेतलं माणूस. कुलगुरू, रजिस्ट्रार, डीन, एचओडी यांना समितीत बसता येत नाही, ही अट ज्याने कोणी घातली त्याला माझ्याकडून चहा. बाहेरून आलेल्या त्या बाईच खऱ्या कामाच्या, बाकीच्यांना एकमेकांचे प्रमोशन, गाइडशिप, जुनी भांडणं सगळं माहीत असतं आणि ते चेहऱ्यावर दिसतं. एक मॅडम बाहेर येऊन गोड आवाजात ज्युनियरला म्हणाल्या, "बाळा, मिटवून घ्यायचा विचार केलायस का, करिअर पडलंय अजून." तर लक्षात ठेवा, समेट फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. ज्युनियर म्हणाली "ताई मी नाही म्हटलं तर चिडतील का?" म्हटलं चिडू देत.

अंतरिम मदत हा सगळ्यात उपयोगी भाग आणि तोच सगळ्यात लपवलेला. चौकशी चालू असताना समोरच्याने तुमचे पेपर तपासू नयेत, तुमच्यापासून लांब राहावं, तुम्हाला ३ महिन्यांपर्यंत रजा, हे सगळं मागता येतं. पण ते मागावं लागतं, लेखी. आम्हाला हे त्या बाहेरच्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं, तोवर ती बिचारी रोज त्याच कॉरिडॉरमधून जात होती.

चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे आणि निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील. तारखा स्वतः वहीत लिहा, मेल करून पोच घ्या, तोंडी काहीच नको.

आता एक स्टार का ते. इथे आधार हवा असेल तर आधी तक्रार करावी लागते. तक्रार करायची की नाही हेच ठरत नाहीये, नुसतं कोणाशी तरी बोलायचंय, झोप लागत नाही, परीक्षा पुढे ढकलून हवी, अशा मुलीसाठी या इमारतीत खिडकीच नाही. काउन्सेलर मॅडम चांगल्या होत्या पण काँट्रॅक्टवर, सेमिस्टरच्या मध्येच गेल्या, आणि जागा रिकामीच. नव्याने सगळं पहिल्यापासून कोणाला सांगायचं म्हणून ज्युनियरने नंतर जाणंच बंद केलं. तक्रार केली तर ३ महिन्यांच्या आत करायची (कारण पटलं तर आणखी ३ महिने मिळतात), आणि त्याच काळात माणूस सगळ्यात जास्त कोलमडलेलं असतं, मग आधाराशिवाय ती तक्रार लिहिणार कोण?

कॅम्पसबाहेर आम्हाला जास्त बरा अनुभव आला. मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलांमध्ये हिंसा सोसलेल्या बायकांसाठी दिलासा केंद्रं आहेत, सेहत संस्था आणि पालिकेने मिळून वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलपासून सुरू केलेली, तिथे आधी बसवून पाणी दिलं आणि मग विचारलं काय हवंय. बाकी जिल्ह्यांत अशाच मदतीसाठी सरकारी सखी वन स्टॉप सेंटर, फोन १८१. मन फारच बिघडलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. बलात्काराच्या केसमध्ये उपचार फुकट करणं सरकारी आणि खासगी दोन्ही हॉस्पिटलांना बंधनकारक आहे, "आधी एफआयआर आणा" म्हणत असतील तर ते चूक. टू फिंगर टेस्टला (योनीत बोटं घालून केली जाणारी तपासणी) सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये साफ नाही म्हटलंय, कोणी तिचा विषय काढलाच तर नकार द्या. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कोणाची ते न बघता घेतलेली एफआयआर, कुठल्याही पोलीस स्टेशनला होते, आणि आयसीसीत गेलं म्हणून पोलिसांत जाता येत नाही असं काही नाही, दोन्ही एकत्र चालतं. बलात्कारासारख्या गुन्ह्यांतल्या पीडितांना राज्याच्या मनोधैर्य योजनेत अर्थसाहाय्य मिळतं, त्याची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा.

जाणार असाल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, कुलूप असतं. एकटं जाऊ नका. आणि फीच्या शेवटच्या तारखेला तर अजिबात नको, समोर अख्खं कॉलेज उभं असतं.